बघा, पण शिवू नका?

अंगणवाडीत टीव्ही आला, चांगलं झालं. पण टीव्हीबरोबर एक नवं थोतांडही आलंय. त्याचं नाव आभासी सहल. पोरं सतरंजीवर बसवायची, पडद्यावर समुद्र दाखवायचा, देवमासा उडवायचा आणि वहीत लिहायचं: सहल झाली. आमच्या वस्तीत हेच चाललंय. खरा समुद्र तिथनं दहा मिनिटांवर आहे!

मी दहावी पास, गोदीत ओझी उचलणारा, कविता लिहिणारा माणूस. मी यंत्राचा दुश्मन नाही. क्रेननं आमच्या पाठीवरचं ओझं उतरवलं आणि कामावरची माणसंही कमी केली. म्हणून यंत्र दिसलं की ते कुणाच्या बदल्यात आलंय, हे आम्ही गोदीवाले आधी विचारतो.

चंद्र, ज्वालामुखी, समुद्राचा तळ बघायला पोराला कोण नेणार? तिथं पडदा पाहिजेच. पण जे दाराशी आहे ते पडद्यात कशाला कोंडता? तीन-चार वर्षांचं पोर हातानं, नाकानं, पायानं शिकतं. पडद्यावरच्या समुद्राला खार नाही, सुकटीचा वास नाही, पायाखालनं सरकणारी वाळू नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून ठेवलंय: ह्या वयाच्या पोरानं दिवसाला एका तासाच्या वर पडद्यासमोर बसू नये, कमी तितकं बरं.

भरमसाट फी घेणाऱ्या शाळांत पोरं आधी पडद्यावर पेंग्विन बघतात, मग बसनं राणीच्या बागेत जातात. त्यांचा पडदा सहलीच्या आधी. आमचा पडदा सहलीच्या जागी.

दोस्तांनो, ‘बघा, पण शिवू नका’ हे आम्हाला नवं नाही. आमच्या बापजाद्यांनी पाणी पिढ्यान्‌पिढ्या लांबनंच बघितलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळ्याचं चित्र बघून भागलं असतं काय? आज पोरासमोर काठी घेऊन कुणी उभा नाही. पैसा नाही, माणूस नाही, एवढं म्हटलं की झालं. पोर अडलंच ना?

ह्यात अंगणवाडीच्या बाईचा दोष नाही. आहार तिनं द्यायचा, वजनं तिनं करायची, नोंदी तिनं ठेवायच्या, आणि पगाराच्या नावानं मानधन. ती एकटी वीस पोरं रस्त्यानं कशी नेणार?

पण मनावर घेतलं तर होतं. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं. पोरं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळा पोरांच्या अंगणात नेली. पुढं गुरं राखणाऱ्या पोरांमागं कुरणातही नेली. तिथं शाळा चालत गेली. इथं पोरालाच बसवून ठेवलंय!

म्हणून मागणी सरळ आहे. महिन्यातनं एक सहल पायी: बाजार, पोस्ट, बाग, धक्का. सोबत जादा मदतनीस. लांब जायचं तर सरकारी खर्चानं बस. आधी-नंतर पडदा लावा, हरकत नाही. पण टीव्ही बघितल्याला सहल म्हणून नोंदवू नका.

आणि आईबापांनो, ह्या महिन्यात पोरांना कुठं नेलं, एवढं विचारा. बाईला नका विचारू. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभं राहून विचारा.