दुर्गमतेचे रसिक

परवा आमच्या गावच्या वाचनालयात हिमालयाची चित्रे दाखवण्याचा कार्यक्रम झाला. वक्ते शहरातून आले होते. वीस-बावीस वर्षे डोंगर हिंडलेले, आवाज गोड, आणि सांगण्याची हातोटी अशी की पहिल्या रांगेतली पोरेसुद्धा चुळबुळ न करता बसली होती. लडाखातले झांस्कर खोरे पडद्यावर आले. शिंगो ला घाट आला, निळ्याशार पाण्याचे ओढे आले, करग्याक गावाजवळ एकाच खडकाचा म्हणावा असा जो प्रचंड सुळका उभा आहे, तो गुंबोरांजोन आला. बायाबापड्यांनी हात जोडले. मग वक्त्यांनी शेवटचे चित्र लावले. तोच सुळका, पण पायथ्याशी मोटाररस्ता आणि रस्त्यावर एक पांढरी मोटार. सभागृहात एकदम 'अरेरे' असा आवाज उमटला. वक्ते क्षणभर थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, "झांस्करचा ट्रेक मेला."

माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मला त्या 'अरेरे'शी भांडायचे आहे. फराळाच्या ताटाशी कोणी भांडण आणून ठेवू नये, हे मला समजते. पण दिवाळीच्या सुट्टीतच आपल्याकडची मंडळी पुढल्या उन्हाळ्याचे बेत आखतात, तेव्हा हीच वेळ बरी.

आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो. 2016 च्या ऑगस्टात मी त्याच वाटेने चाललो आहे, आणि 'अरेरे' मीही म्हटले आहे. तेव्हा रोहतांगखालचा बोगदा व्हायचा होता. मनालीहून घाट ओलांडून लाहौलात दारच्याला उतरायचे आणि तिथून उत्तरेला पायी निघायचे. आम्ही अकरा जण होतो. पैसे आगाऊ भरलेले, त्यामुळे आमच्या अंगावर पाण्याची बाटली, रेनकोट आणि कॅमेरा एवढेच ओझे. बाकी सारे सोळा घोड्यांवर. एकेका घोड्यावर पन्नास-साठ किलो: आमचे तंबू, आमच्या पिशव्या, रॉकेल, कणीक, बटाटे, आणि ज्याच्यावाचून आमचे पान हलले नसते तो शौचाचा तंबू. सकाळी आम्ही निघालो की मागे सगळा संसार गुंडाळला जायचा, वाटेत घंटा वाजवत घोडी आम्हांला मागे टाकून पुढे जायची, आणि दुपारी आम्ही धापा टाकत मुक्कामावर पोचावे तो तंबू ताणलेले, चहा उकळलेला. साडेचार हजार मीटरांवर एका रात्री आम्हांला शेवयांची खीर मिळाली. ती खाताना आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, "काय हो, इथे माणूस किती स्वावलंबी होतो!" खीर रांधणारा पोरगा तंबूच्या दाराशी भांडी घासत होता. त्याला मराठी येत नव्हते हे एक बरे.

शिंगो ला 5,091 मीटर उंच आहे. त्या उंचीवर हवा समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याच्या जवळपास असते. दहा पावले चालावे आणि थांबावे. माथ्यावर पोचलो तेव्हा मला रडू आले होते, आणि ते खोटे नव्हते. डोंगर चढण्यातले सुख मला ठाऊक नाही असे कोणी समजू नये.

पण घाटाच्या अलीकडेच आम्हांला नुकताच कापलेला डोंगर दिसला होता. लाल-करड्या मातीची पट्टी, यंत्राच्या दातांचे वळ. आमच्यात हळहळ सुरू झाली. कोणी म्हणाले सरकारला सौंदर्यदृष्टी नाही, कोणी म्हणाले ठेकेदारांनी देश खाल्ला. मी घोडेवाल्याला विचारले, हा रस्ता कोण करतो? तो म्हणाला, "मेमे." मेमे म्हणजे आजोबा.

ही थट्टा नव्हती. त्सुलत्रिम छोंजोर हे झांस्करचे एक वृद्ध लामा. सरकारची वाट पाहून थकल्यावर त्यांनी आपली मालमत्ता विकली, यंत्र घेतले, आणि रामजाकपासून करग्याकपर्यंत 38 किलोमीटरचा रस्ता स्वतः काढायला घेतला. त्यांना पुढे 2021 चा पद्मश्री मिळाला. ज्या मातीच्या पट्टीला आम्ही ठेकेदाराची करणी समजत होतो, ती एका म्हाताऱ्याने घरदार मोडून केलेली होती. आमच्या सौंदर्यदृष्टीचे काय करायचे ते त्यानंतर मला कळेना.

घोडेवाला त्या लुंगनाक खोऱ्यातलाच, पस्तिशीचा, कमी बोलणारा. मी शाळामास्तर आहे हे कळल्यापासून मला 'मास्टरजी' म्हणू लागला आणि संध्याकाळी माझ्याशेजारी येऊन बसू लागला. त्याची मुलगी सात वर्षांची असताना त्याने तिला शिकायला बाहेर धाडली. दोन वर्षांत एकदा घरी येते, म्हणाला. आली की पहिले दोन दिवस आईशी लाजते. मी वर्गात दरसाल चाळीस मुले पाहतो. सकाळी आईने भांग पाडून पाठवलेली आणि संध्याकाळी आईकडे परत जाणारी. ही गोष्ट शिक्षणाच्या व्याख्येत येते हे माझ्या कधी ध्यानातच आले नव्हते.

आणखी एक गोष्ट त्याने पुर्णे गावच्या मुक्कामी सांगितली. (या नावावर आमच्यातल्या पुणेकरांनी पोट धरधरून हसून घेतले होते.) त्याची भावजय फेब्रुवारीत बाळंतपणात अडली. पदुमचा दवाखाना उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या चालीवर. फेब्रुवारीत किती दिवस, ते बर्फ ठरवते. चौघांनी तिला पाठीवर आळीपाळीने नेली. दुसऱ्या रात्री ती गेली. एवढे सांगून तो घोड्यांना दाणा द्यायला उठला. तंबूतून आवाज येत होते. आमची मंडळी रस्ता कुठवर आला असेल आणि किती किलोमीटर 'खरे झांस्कर' शिल्लक असेल, याचा हिशोब करत होती. मी आत गेलो आणि काही बोललो नाही. हा लेख म्हणजे त्या रात्रीची थकबाकी आहे.

आता वक्त्यांच्या 'मेला' या शब्दाकडे येऊ. 25 मार्च 2024 रोजी निम्मू, पदुम आणि दारचा यांना जोडणारा 298 किलोमीटरचा रस्ता सलग जोडला गेला. त्याच वर्षी 26 जुलैला शिंगो लाच्या, सरकारी कागदात शिंकू लाच्या, पोटातून जाणाऱ्या 4.1 किलोमीटरच्या बोगद्याचा पहिला सुरुंग उडाला. सरकारने हे सारे करग्याकच्या बायकांसाठी केले, असे सांगण्याइतका मी भाबडा नाही. सरहद्द आहे, सैन्य आहे, त्याला बारमाही वाट हवी. पण सैन्याच्या गाडीमागून दवाखान्याची गाडीही जाते. यात कोण मेले? वर्षाकाठी नऊ-दहा दिवस तिकडे जाणाऱ्या आपल्यासारख्यांची एक सुट्टी मेली. उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांचे मरण त्या खोऱ्याने भोगले होते, ते थोडे हटले.

'अस्पर्शित' हा या रसिकांचा दुसरा लाडका शब्द. झांस्कर अस्पर्शित होते कधी? तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या गोठलेल्या नदीवरून लोणी घेऊन लेहच्या बाजाराला जात. त्याच बर्फावरून बापांनी पोरांना शाळेला पोचवले. त्या वाटेचे नाव चादर. आपण तिला ट्रेक म्हटले, फी ठेवली आणि पराक्रमाच्या यादीत घातली. त्यांच्या लेखी तो रस्ता होता, आणि दुसरा नव्हता म्हणून होता. उन्हाळ्यात कारगिलहून पेन्सी ला ओलांडून पदुमला मोटार येऊ लागली तिलाही चाळीसहून अधिक वर्षे झाली. हिवाळ्यात महिनोन्‌महिने तीही वाट बंद. बाहेरच्या जगाकडे जायला ती माणसे जिवावर उदार होत, आणि आपण म्हणतो की बाहेरच्या जगाचा वारा त्यांना लागला नव्हता!

बाहेरून तिथे जाणाऱ्यांतही फरक असतो. अलेक्झांडर चोमा द कोरोश नावाचा हंगेरियन विद्वान 1823 साली झांगला गावात पोचला. तिथे एका लामाजवळ तो तिबेटी शिकला. नऊ फूट लांब आणि तेवढ्याच रुंद खोलीत, विस्तवाशिवाय, त्याने हिवाळा काढला. पुढे फुकतालच्या मठात राहून अभ्यास चालवला. त्याचा तिबेटी कोश आणि व्याकरण 1834 साली कलकत्त्याला छापून निघाले. त्याच्या नावाची शिळा फुकतालला आहे. कड्याच्या गुहेत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा लटकलेला तो मठ आम्ही दीड तासात पाहिला, लोणी घातलेला खारट गुरगुर चहा तोंड वाकडे करून प्यालो, शिळेपुढे छायाचित्र काढले. भाजलेल्या जवाचे पीठ पुढे आले ते मात्र सगळ्यांनी खाल्ले, कारण ते आपल्या सातूच्या पिठासारखे लागते. खरे तर सातू म्हणजे जवच. आपणच त्यात गहू आणि डाळे घालून नाव तेवढे शिल्लक ठेवले आहे. असो. सांगायचे ते हे की चोमाने त्या खोऱ्याला भाषा विचारली. आम्ही फक्त 'अजून किती लांब' एवढेच विचारत होतो.

दुसरी बाजूही आहे, आणि ती मी लपवणार नाही. रस्त्याने घोडेवाल्यांचा धंदा बुडतो. कापलेल्या डोंगराचा राडारोडा सरळ नदीत लोटतात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ते डोंगर ठिसूळ आहेत: 2014 च्या शेवटी त्सारापच्या पात्रात दरड कोसळून नदी तुंबली, आणि 7 मे 2015 रोजी तो बांध फुटून खालचे पूल वाहून गेले, फुकतालच्या शाळेचीही नासधूस झाली. तिकडे कुमिक गावावरचा बर्फ आटून ओढा कोरडा पडला, तर लोकांना खाली नदीकाठी नवे गाव वसवायला घ्यावे लागले. अशा मुलखात सुरुंग लावायचा तर सांभाळून लावायला हवा, पाण्याला वाट ठेवायला हवी, राडारोड्याची जागा ठरवायला हवी. यांतल्या कोणत्याही मुद्द्यावर कोणी अर्ज लिहिला तर मी सही करीन. पण सभागृहातला 'अरेरे' यांपैकी कशासाठीच नव्हता. चित्रात मोटार आली, एवढेच त्याचे दुःख होते.

आणि ही काही फक्त हिमालयाची गोष्ट नाही. माझ्या आजोळी पहिली एस.टी. आली तेव्हा मी दुसरी-तिसरीत असेन. आजीने तिच्या पुढच्या काचेला हळदकुंकू लावले होते, कोणी नारळ फोडला होता, आणि ड्रायव्हरला पुरणपोळीचे जेवण झाले होते. त्या वेळी कोणी शहरी गृहस्थ ओढ्याकाठी बसून 'माझी पायवाट मेली' म्हणून रडू लागला असता, तर आजीने त्याला तांब्याभर पाणी दिले असते आणि विचारले असते, "बाबा, तुझे कोण गेले?" आजही नंदुरबार-पालघरकडच्या काही पाड्यांवरून पावसाळ्यात अडलेली बाई बांबूला झोळी बांधून खाली आणतात. वर्तमानपत्रात ते छायाचित्र आले की आपण संतापतो, रस्ता का नाही म्हणून विचारतो. तीच झोळी पाच हजार मीटरांवर गेली की तिचे निसर्गसौंदर्य कसे होते, हे मला कोणी समजावून द्यावे.

कार्यक्रमानंतर चहा होता. मी वक्त्यांजवळ गेलो आणि नम्रपणे विचारले, "त्या खोऱ्यात हिवाळ्यात कोणी आजारी पडले तर काय करीत, हे आपण कधी विचारलेत का?" ते चांगले गृहस्थ होते, चिडले नाहीत. म्हणाले, "हिवाळ्यात आम्ही कधी गेलोच नाही." मग त्यांनी मला पुढल्या वर्षीच्या मोहिमेचा कागद दिला. दुसरे एक खोरे, अकरा दिवस, आणि वर ठळक अक्षरांत: रस्ता पोचण्याआधी पाहून घ्या.

गेल्या दिवाळीत घोडेवाल्याशी फोनवर बोलणे झाले. सहापैकी चार घोडी त्याने विकली. उरलेली दोन ठेवली आहेत, कारण विकायला मन होत नाही आणि ठेवायला परवडत नाही. रस्त्याच्या कामावर जातो. धूळ फार, म्हणाला. मुलगी कॉलेजात आहे. मागच्या सुट्टीत ती गाडीतून थेट दाराशी उतरली, आणि आई घरी नव्हती, शेतात होती, याचे त्याला इतके हसू येत होते की पुढचे शब्द मला नीट ऐकू आले नाहीत. घाट अजून हिवाळ्यात बर्फाने अडतो. "बोगदा झाला की या, मास्टरजी," तो म्हणाला. "हिवाळ्यात या. हिवाळ्यात आमच्याकडे कोणीच येत नाही."