टॉवर कुठून दिसणार, हेही सांगा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत, बाउंडरी वॉटर्स हे संरक्षित अरण्य पसरलेले आहे. क्षेत्र सुमारे अकरा लाख एकर. हजाराहून अधिक तळी, आणि त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या नद्या नि ओढे. यातलीच कविशिवी नदी ईली गावाजवळ धबधब्यावरून फॉल लेकमध्ये उतरते. बहुतेक तळ्यांवर मोटारबोटीला मनाई आहे. माणसे वल्ही मारत आत जातात आणि रात्री तंबूत राहतात. या अरण्याच्या हद्दीपासून सुमारे दीड मैलावर, फर्नबर्ग रस्त्यालगतच्या एका उंचवट्यावर, 450 फुटी मोबाइल टॉवर उभारण्याचा प्रस्ताव एटी अँड टी कंपनीने मांडला. 2010 मध्ये स्थानिक काउंटीने त्याला परवानगी दिली आणि प्रकरण न्यायालयात गेले.

आरएफ प्लॅनिंग करणारे, साइट मिळवणारे, टॉवर उभारणारे आणि परवानग्यांच्या फायली घेऊन ग्रामपंचायतींच्या पायऱ्या चढणारे, अशा या मासिकाच्या प्रत्येक वाचकाने हा खटला अभ्यासावा, असा आहे. नदीकाठी, खाडीकाठी किंवा घाटमाथ्यावर टॉवर न्यायचा म्हटले की विरोध होतोच. तो विरोध नेमका कशाला असतो, याचा विचार मात्र या क्षेत्रात फारसा झालेला नाही.

अरण्याच्या रक्षणासाठी काम करणाऱ्या फ्रेंड्स ऑफ द बाउंडरी वॉटर्स वाइल्डरनेस या संस्थेने राज्याच्या पर्यावरण हक्क कायद्याखाली दावा लावला. टॉवर हवाच की नको, असा त्यांचा प्रश्न नव्हता. आक्षेप उंचीला होता. अमेरिकेत साधारणपणे 200 फुटांपेक्षा उंच बांधकामावर विमानांसाठी इशाऱ्याचे दिवे लावावे लागतात. 450 फुटी टॉवर दिवसा झाडांच्या वर डोके काढणार आणि रात्री, जिथे माणसे मुद्दाम अंधार शोधत येतात तिथे, लुकलुकत राहणार. ऑगस्ट 2011 मध्ये जिल्हा न्यायालयाने हा आक्षेप मान्य केला: 450 फुटी टॉवरला मनाई, 199 फुटी टॉवरला मुभा. 199 हा आकडा कुठून आला, हे या वाचकांना वेगळे सांगायला नको. दिव्याच्या मर्यादेच्या एक फूट खाली.

निकाल आला त्याच महिन्यात, ईलीच्या पूर्वेला, पगामी क्रीकजवळ वीज पडून वणवा लागला. सप्टेंबरच्या मध्याला वाऱ्याने तो भडकला आणि अखेरीस 92 हजार एकरांहून जास्त क्षेत्रावरून फिरला. रस्त्यावर किंवा जंगलात अडकलेल्या माणसाला मदतीला बोलावता यायला हवे, हा टॉवरच्या बाजूच्या लोकांचा मुख्य मुद्दा होता. तीन-साडेतीन हजार वस्तीच्या ईलीत आणि आसपास राहणाऱ्या अनेकांना तो टॉवर हवा होता. म्हणजे ‘स्थानिकांचा विरोध’ या दोन शब्दांत हा वाद मावत नाही. दरवर्षी तिथे वल्ही मारायला जाणारा मिनीआपोलिसचा माणूसही त्या पाण्याला आपलेच मानतो आणि हिवाळ्यात फर्नबर्ग रस्त्यावर गाडी बंद पडलेला ईलीकरही.

जून 2012 मध्ये अपिलीय न्यायालयाने निकाल फिरवला. टॉवर दिसेल हे खरे, पण त्याचा परिणाम कायद्याला अभिप्रेत असलेल्या गंभीर पातळीचा नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण पुन्हा तपासायला नकार दिला आणि कंपनीचा मार्ग मोकळा झाला.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले. अभियंत्यांच्या दृष्टीने खरे कुतूहल आहे ते उंचीच्या गणितात. सपाट पृथ्वीपृष्ठावर रेडिओ क्षितिज साधारण 4.12 गुणिले मीटरमधील उंचीचे वर्गमूळ इतके किलोमीटर असते. 450 फूट म्हणजे 137 मीटर. क्षितिज सुमारे 48 किलोमीटर. 199 फूट म्हणजे जेमतेम 61 मीटर. क्षितिज सुमारे 32 किलोमीटर. प्रत्यक्षात झाडे, उंचवटे, फ्रिक्वेन्सी आणि हँडसेटची ताकद यांमुळे रेंज याहून बरीच कमी मिळते, पण प्रमाण बोलके आहे. उंची सव्वादोन पट केली की अंतर दीडपट वाढते आणि क्षेत्रफळ सव्वादोन पट. कंपनी उंचीचा हट्ट का धरत होती ते इथे कळते: एका जागेचे भाडे, एक वीजजोडणी, एक बॅकहॉल आणि दुप्पट क्षेत्र.

मात्र हेच गणित उलट बाजूनेही लागू पडते. डोळ्यांना दिसणारे क्षितिज रेडिओ क्षितिजापेक्षा थोडेच अलीकडे असते. टॉवरचा सिग्नल जिथे थेट पोचतो, जवळपास तिथूनच टॉवर दिसतो. प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये भूरचनेचे जे मॉडेल घालून कव्हरेजचा नकाशा काढला जातो, तेच मॉडेल वापरून टॉवर कुठकुठून दिसेल याचा नकाशा काढता येतो. त्यासाठी नवे सर्वेक्षण लागत नाही, नवा खर्चही नाही म्हणावा इतका. विरोधकांना ज्या माहितीसाठी तज्ज्ञ नेमावे लागतात आणि न्यायालयात भांडावे लागते, ती माहिती कंपनीच्या संगणकात पहिल्या दिवसापासून असते. ती अर्जासोबत का जात नाही, याचे पटणारे कारण सापडत नाही.

देखाव्यासाठी न्यायालयात उभे राहण्याचा हक्कही अमेरिकेत एका नदीमुळेच रुजला. न्यूयॉर्कच्या वरच्या अंगाला हडसन नदीकाठी स्टॉर्म किंग हा डोंगर आहे. 1962 मध्ये कॉन एडिसन कंपनीने तिथे वीजप्रकल्प जाहीर केला. डिसेंबर 1965 मध्ये संघीय अपिलीय न्यायालयाने, निसर्गसौंदर्यात आस्था असलेल्या नागरिकांच्या संघटनेलाही दाद मागता येते, असे मान्य केले. वाद 1980 पर्यंत चालला आणि शेवटी कंपनीने प्रकल्प सोडला. टॉवरच्या आजच्या वादांत ‘आमच्या नदीचा देखावा’ हे शब्द वजनाने उच्चारता येतात, त्यामागे ही सतरा-अठरा वर्षांची लढाई आहे.

1996 च्या दूरसंचार कायद्याने अमेरिकेतील या वादांना आणखी एक वळण दिले. ठरवून दिलेल्या मर्यादा पाळणाऱ्या टॉवरला रेडिओ लहरींच्या परिणामांच्या कारणावरून नकार देता येणार नाही, असे त्या कायद्याने स्थानिक संस्थांना बजावले. किरणांच्या भीतीचा दरवाजा बंद झाला. देखाव्याचा उघडा राहिला, फक्त नकार लेखी आणि पुराव्यानिशी असावा ही अट. परिणाम असा की, मनात भीती आरोग्याची असली तरी सुनावणीत माणसे बोलतात ती उंचीबद्दल, रंगाबद्दल, घरांच्या किमतीबद्दल.

जॉर्जिया राज्यातील रॉसवेल या चट्टाहूची नदीकाठच्या शहराचे उदाहरण पाहावे. तिथे टी-मोबाइलला निवासी भागात 108 फुटी, पाइन वृक्षासारखा दिसणारा टॉवर हवा होता. एप्रिल 2010 मधल्या सुनावणीत रहिवाशांनी विरोध केला, नगर परिषदेने अर्ज फेटाळला आणि दोन दिवसांनी एक पत्र पाठवले. पत्रात कारण नव्हते. कारणे ज्या सविस्तर इतिवृत्तात होती ते आणखी 26 दिवसांनी प्रसिद्ध झाले, तेव्हा न्यायालयात जाण्याच्या 30 दिवसांच्या मुदतीतले चारच दिवस उरले होते. जानेवारी 2015 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: कारणे पत्रातच हवीत असे नाही, पण ती नकाराबरोबरच हाती पडली पाहिजेत. शहर हरले. लोकांचा आक्षेप चुकीचा ठरला म्हणून नव्हे. तो वेळेवर कागदावर आला नाही म्हणून.

महाराष्ट्रात चित्र बरोबर उलटे आहे, आणि या क्षेत्रातील मंडळींनी ते नीट पाहायला हवे. इथे गावात टॉवरला विरोध होतो तो बहुतेक वेळा किरणोत्सर्गाच्या नावाने. जानेवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगली जिल्ह्यातील चिखलहोळ ग्रामपंचायतीचा टॉवर रोखणारा ठराव रद्द केला. अपायाला शास्त्रीय आधार दाखवला गेला नाही, हे त्याचे कारण. केंद्र सरकारने 1 सप्टेंबर 2012 पासून किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकाच्या एक दशांशावर आणली आहे. 2017 पासून तरंग संचार पोर्टलवर कोणत्याही टॉवरची माहिती पाहता येते, शुल्क भरून मोजणीही मागता येते. या मुद्द्यावर कंपन्या वारंवार जिंकत आल्या आहेत आणि पुढेही जिंकतील.

पण जिंकल्यावरही गाव राजी होत नाही, हा प्रत्यक्ष साइटवर जाणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव आहे. डोंगराचा माथा, नदीचे वळण, देवराई, घाटावरून दिसणारे मंदिराचे शिखर यांच्या मध्ये लाल-पांढरा सांगाडा उभा राहिला की गावकऱ्याला काहीतरी गमावल्यासारखे वाटते. ते मांडायला त्याच्याकडे कायद्याचे कलम नाही. अर्जात तो रकाना नाही. मग तो हाताला लागेल तो मुद्दा पुढे करतो, आणि सर्वांत चटकन हाताला लागतो तो कॅन्सरचा. त्याला लहरींचे विज्ञान समजावून सांगणारी पत्रके वाटून उपयोग होत नाही, कारण त्याची खरी तक्रार त्या पत्रकात नसतेच.

याचा अर्थ दऱ्याखोऱ्यांत टॉवर नेऊ नयेत असा मुळीच नाही. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, वीज गेली, फोन मुके झाले, आणि घराच्या माळ्यावर अडकलेल्यांना बाहेर खबर देता येईना. त्याच्या आदल्या वर्षी टाळेबंदीत सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीला रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून ऑनलाइन वर्ग करावे लागले. सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांना नेटवर्क हवे आहे, आणि ते पुरातही चालणारे हवे आहे. नदीकाठच्या टॉवरला उंच जोत्यावरचे जनित्र आणि पुरेशी बॅटरी नसेल, तर संकटाच्या नावाने मागितलेली परवानगी लोकांची फसवणूक ठरते.

कव्हरेज मोजायचे कसे, यावरही वादाचे स्वरूप ठरते. ब्रिटनमध्ये मार्च 2020 मध्ये सरकार आणि चार कंपन्यांनी सुमारे एक अब्ज पौंडांचा ग्रामीण नेटवर्कचा करार केला. उद्दिष्ट होते देशाच्या 95 टक्के भूभागावर 4जी. लोकसंख्येच्या नव्हे, भूभागाच्या. त्यामुळे स्कॉटलंडमध्ये घर नाही, रस्ता नाही अशा डोंगरांवरही टॉवरचे प्रस्ताव गेले आणि जॉन म्युअर ट्रस्टसारख्या निसर्गसंस्था उभ्या ठाकल्या. इथल्या निविदांतही टक्केवारी कशाची, हे पहिल्याच पानावर विचारायला हवे.

दिव्यांच्या बाबतीत तर अभियांत्रिकीने वाद सोडवल्याचा उत्तम दाखला आहे. अमेरिका आणि कॅनडात टॉवर आणि त्यांच्या ताणतारांवर आदळून दरवर्षी सुमारे 68 लाख पक्षी मरतात, असा अंदाज 2012 मधील एका अभ्यासाने मांडला. त्याआधी मिशिगनमधील टॉवरांवर झालेल्या संशोधनात दिसले होते की सतत जळणारे लाल दिवे काढून फक्त लुकलुकणारे ठेवले, तर पक्ष्यांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटतात. डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने नियम तसा बदलला. वैमानिकांची सुरक्षितता राखून, वीज वाचवून, पक्षीही वाचले. भारतातही पर्यावरण मंत्रालयाने 2012 मध्ये पक्षी आणि मधमाश्यांचा विचार करून टॉवरबाबत सूचना काढल्या. त्यामागच्या तज्ज्ञगटाचे अध्यक्ष मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे तेव्हाचे संचालक असद रहमानी होते. नवा टॉवर पक्ष्यांच्या उड्डाणमार्गात येऊ नये, हे त्या सूचनांत स्पष्ट आहे. परवानगीच्या फायलीत त्याचा उल्लेख किती वेळा होतो, हे प्रत्येक साइट अधिकाऱ्याने आपापल्या कपाटात पाहावे.

टॉवरला झाडाचे सोंग देण्याचा मार्ग आता जुना झाला. 1992 मध्ये लार्सन कॅमाफ्लाज कंपनीने डेन्व्हरमध्ये पाइनसारखा पहिला टॉवर उभारला. दाट पाइनच्या रांगेत तो खपून जातो. सड्यावर, करवंदीच्या जाळीत, 40 मीटरचे प्लास्टिकचे ताडमाड उभे करणे हा मात्र उपाय नव्हे. राखाडी रंग, सडपातळ मोनोपोल, माथ्याऐवजी उतारावरची जागा आणि एकाच टॉवरवर तीन-चार कंपन्या, हे साधे उपाय कोकणात जास्त कामाला येतील.

2023 च्या दूरसंचार कायद्याखालचे राइट ऑफ वे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले आहेत. परवानगीची वाट त्यामुळे बांधीव झाली, आणि म्हणूनच कंपन्यांवरची जबाबदारी वाढली. ग्रामपंचायतीला ‘नाही’ म्हणण्याची जागा आक्रसते तेव्हा आधी विचारण्याचे काम अर्जदाराकडे येते. त्यासाठी एक पद्धत न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडच्या गावांमध्ये रूढ आहे. टॉवर उभा राहणार त्या जागी, आधी जाहीर केलेल्या दिवशी, टॉवरच्या नेमक्या उंचीवर रंगीत फुगा सोडतात. गावकरी आपापल्या अंगणातून, घाटावरून, पुलावरून पाहतात. ठरलेल्या ठिकाणांहून छायाचित्रे काढून अर्जाला जोडतात. कोकणात हे करायचे तर पावसाळा संपल्यावर, सकाळच्या शांत वाऱ्यात, आणि ग्रामसभेच्या आधी आठवडाभर करावे. सोबत दोन नकाशे लावावेत, एक रेंजचा आणि एक टॉवर कुठून दिसेल त्याचा. उंची 40 मीटरऐवजी 30 केली, किंवा जागा माथ्यावरून दोनशे मीटर खाली आणली, तर दोन्ही नकाशे कसे बदलतात तेही शेजारी छापावे, आणि कोणती वाडी रेंजबाहेर राहील हे तिच्या नावानिशी लिहावे. निवड कोणती, यावर चर्चा ग्रामसभेत होऊ द्यावी.