कागदाची घडी बसावी म्हणून

कागदाची वस्तू म्हणजे चार दिवसांची, असे आपण धरूनच चालतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी घडवलेले मोर, बगळे, बेडूक टेबलावर मांडले जातात, पाहुणे कौतुक करतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच मोरांच्या माना खाली येतात, पंख फाकतात. मग सगळे रद्दीत. शिनोलीत, जिथे भीमाशंकरच्या डोंगरांकडून येणारा पाऊस घराच्या भिंतींनाही ओल आणतो, तिथे कागदाची काय कथा, असे कुणी म्हणेल. माझे मत वेगळे आहे. यात दोष पावसाचा कमी, आपल्या कागदाचा आणि घाईचा जास्त.

कागद म्हणजे तंतूंची जाळी. घडी घालतो तेव्हा त्या रेषेवरचे तंतू दबतात, काही तुटतात. हवेतला दमटपणा शोषला की तंतू फुगतात, सैल होतात आणि जुन्या सपाट अवस्थेकडे परतू पाहतात. बगळ्याचे पंख फाकतात ते यामुळे. त्यातून लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद असेल, तर त्यातली आम्लता त्याला पिवळा आणि ठिसूळ करते. बँकेतल्या नोकरीत हा फरक रोज बोटांखाली असे. कर्जाच्या फायलीतले चार घड्यांचे जुने दस्त उघडताना नेमके घडीवरच तुटत. नोट मात्र शेकडो खिशांत दुमडून आली तरी तग धरी, कारण आपल्या नोटांचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो. घडी टिकते की नाही, याचा निम्मा निकाल कागद निवडतानाच लागतो.

उरलेला निम्मा निकाल खळीचा. जपानचे अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी ओल्या घडीची पद्धत रूढ केली. जाड, खळ दिलेला कागद घ्यायचा, ओलसर फडक्याने पुसून जरा नरम करायचा, घडवायचा आणि वाळेपर्यंत आकार धरून ठेवायचा. पाण्याने खळ मऊ होते, वाळताना पुन्हा कडक होते आणि वळण जागच्या जागी पकडते. आज जगभरचे कलावंत त्यासाठी मेथिल सेल्युलोजचे पातळ द्रावण कागदाला लावतात.

हे ऐकून आपण परक्या विद्येपुढे मान तुकवायचे कारण नाही. आमच्या शेजारचे जुन्नर एकेकाळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. हातकागदाला खळ द्यायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले आजही वाचता येतात, त्यामागे असे कसबी हात आहेत. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, तीही हे कसब मरू नये म्हणूनच.

याच जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे अनिल अवचट (१९४४–२०२२). ओरिगामी हा त्यांच्या अनेक छंदांपैकी एक. कागद दुमडून केलेली वस्तू समोरच्या मुलाच्या हाती ठेवण्यात त्यांना आनंद असे. त्यांच्यासारख्यांचा दाखला देऊन कुणी म्हणेल की, घडवावे, देऊन टाकावे, जपत कशाला बसावे? खेळाच्या होडीपुरते हे मला मान्य आहे. पण ज्या मुलीने आठवडाभर खपून पन्नास घड्यांचा मोर केला, तिला महिन्याभरात त्याचा चोळामोळा दाखवणे म्हणजे हाताच्या कामाला किंमत नसते, हे शिकवणे होय.

उपाय शाळेच्या आवाक्यातले आहेत. चकचकीत घोटीव कागदाऐवजी चित्रकलेचा जाडसर कागद घ्यावा. मैद्याची पातळ खळ दोन्ही बाजूंना लावून तो सपाट वाळवावा. महत्त्वाची लांब घडी शक्यतो तंतूंच्या दिशेने यावी. कागद ज्या बाजूने सहज वाकतो, ती दिशा. घडी नखाने पक्की करावी, वस्तू दोऱ्याने किंवा कपड्यांच्या चिमट्यांनी धरून दोन दिवस वाळू द्यावी. खळीला कसर लागते. बाइंडर त्यासाठी मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नये. वस्तू काचेच्या कपाटात, उन्हापासून दूर ठेवावी आणि पावसाची उघडीप मिळताच कपाटाला वारा द्यावा. व्हार्निशच्या मोहात पडू नये. ते काही वर्षांत पिवळे पडते.

एवढे करूनही कागद अमर होणार नाही. पण पुढच्या वर्षी नवी मुले वर्गात येतील तेव्हा कपाटात मान ताठ ठेवून मोर उभा असेल आणि तो आपल्याच गावातल्या कुणी केला, हे त्यांना कळेल. संसाराची घडी बसायला वेळ लागतो, हे आपण जाणतो. कागदालाही तेवढा वेळ द्यावा.