मांजर, टेन्शन आणि रविवार : आराम आठवड्यातून एकदाच घ्यायचा असतो का?

बीपी मोजताना मी पेशंटला एक प्रश्न हमखास विचारतो, "दिवसभरात आराम किती होतो?" अंजनगावात याचं ठरलेलं उत्तर आहे, "आता कुठं आराम साहेब, रविवारी पाहू." बँकेत नोकरी करणारे असोत, शाळेतले सर असोत, बाजारातले दुकानदार असोत की पानमळा सांभाळणारे शेतकरी असोत, उत्तर फारसं बदलत नाही.

हल्ली पेशंटकडूनही एक प्रश्न येतो. "डाक्टरसाहेब, घरात मांजर असलं की टेन्शन कमी होते म्हणतात, खरं हाय का?" मोबाईलवर मांजरांचे व्हिडिओ पाहून आणि मुलांनी घरात पिल्लू आणून ठेवल्यावर हा प्रश्न पडतोच.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. मांजराने थोडं बरं वाटतं, रविवारनेही थोडं बरं वाटतं. पण सहा दिवस स्वतःला पिळून काढायचं आणि सातव्या दिवशी सगळं भरून निघेल अशी आशा धरायची, हा हिशोब शरीराला मान्य नाही. आराम रोज लागतो आणि तो घरातल्या प्रत्येकाला लागतो.

टेन्शनमध्ये शरीरात काय होतं?

साहेबांचा फोन आला, वसुलीचं टार्गेट आठवलं किंवा भाव पडल्याची बातमी आली, की मेंदू त्याला संकट समजतो. मूत्रपिंडाच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसोल सोडतात. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतो, रक्तात साखर जास्त येते. समोर साप आला तर ही व्यवस्था जीव वाचवते. संकट टळलं की काही वेळात सगळं खाली येतं.

अडचण तेव्हा होते, जेव्हा ते खाली यायला वेळच मिळत नाही. आपल्या भागातल्या माणसाला हे विहिरीवरून पटकन समजेल. पंप दिवसभर चालला तर विहीर उपसते. रात्री पंप बंद राहिला की झऱ्यांचं पाणी हळूहळू चढतं आणि सकाळी विहीर पुन्हा कामाला तयार होते. शरीराचंही तसंच आहे. रोजची झोप, जेवणानंतरची शांत वीस मिनिटं, संध्याकाळच्या ओट्यावरच्या गप्पा हे आपले झरे. सहा दिवस रात्रंदिवस पंप चालवून रविवारी बंद केला, तर विहीर एका दिवसात काठोकाठ भरेल का?

काही जण रविवारी अकरापर्यंत झोपून आठवड्याची झोप वसूल करतात. थोडी जास्त झोप घ्यायला हरकत नाही. पण उठायची वेळ तीन-चार तासांनी पुढे गेली की शरीराचं घड्याळ बिघडतं. मग रविवारी रात्री झोप लागत नाही आणि सोमवार डोकेदुखीने सुरू होतो. उठण्याच्या वेळेत तासाभरापेक्षा जास्त फरक नको.

कामाच्या तासांचा प्रश्नही साधा नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक मोठा अंदाज मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करण्याशी जोडलेले, पक्षाघात आणि हृदयविकाराने झालेले मृत्यू २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार होते. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत अशा लोकांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त आढळला. आपले किती दुकानदार सकाळी नऊ ते रात्री नऊ गल्ल्यावर बसतात, याचा हिशोब तुम्हीच करा.

मांजराने खरंच फरक पडतो का?

पडतो, पण किती ते नीट समजून घ्या. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २४९ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना गोंजारलं. दुसऱ्या गटाने ते फक्त पाहिलं, तिसऱ्याने प्राण्यांची चित्रं पाहिली, चौथा गट आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला. नंतर लाळ तपासली तेव्हा प्रत्यक्ष गोंजारणाऱ्यांमध्ये कॉर्टिसोल कमी सापडलं.

यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, दहा मिनिटंही पुरेशी असतात. दोन, मोबाईलवर मांजर पाहणं आणि मांडीवर मांजर घेणं यात फरक आहे. मांजर मांडीवर आलं की हात त्याच्या पाठीवर जातो, श्वास संथ होतो, आणि ते उठेपर्यंत आपल्यालाही उठवत नाही. एरवी डॉक्टरने "दहा मिनिटं शांत बसा" म्हटलं तर कोणी बसत नाही, ते काम मांजर करून दाखवतं.

पण हा तात्पुरता परिणाम आहे. मांजर पाळलं म्हणून बीपीची गोळी बंद करता येत नाही. बीपी वारंवार १४०/९० किंवा त्याच्या वर येतोय आणि तरी "मला काही होत नाही" म्हणणारे पाहिले की डोळे मिटून दूध पिणारं मांजरच आठवतं. आपण डोळे मिटले म्हणून बीपी खाली येत नाही.

मांजराकडून घ्यायची खरी गोष्ट दुसरीच आहे. त्याला रविवार कळत नाही. ते दिवसातले बारा ते सोळा तास झोपतं, पण सलग नाही, तुकड्या-तुकड्यांनी. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या पुढे गेला की ते माठाखालच्या ओल्या जागेवर जाऊन पडतं, भर दुपारी उगाच फिरत नाही. उन्हं उतरली की उठतं, अंग ताणतं आणि कामाला लागतं. आपल्याला सोळा तास झोपणं परवडणार नाही. पण कामाच्या मध्ये थोडं थांबणं परवडतं.

रविवार आपोआप मिळालेला नाही

आपण रविवार गृहीत धरतो. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना एके काळी आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. ती मान्य झाली १० जून १८९० रोजी. म्हणजे सहा वर्षं लागली. पुढे काळ बदलला आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्रातल्या राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला.

हे सांगायचं कारण असं की आरामाचा प्रश्न फक्त आपल्या स्वभावाचा नाही, तो कामाच्या व्यवस्थेचाही आहे. रात्री दहाला व्हॉट्सॲपवर माहिती मागायची, रविवारी "फक्त दहा मिनिटांची" मीटिंग ठेवायची, आणि वर कर्मचाऱ्याला "स्ट्रेस मॅनेज करा" असा सल्ला द्यायचा, हे मला पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद केली ती कामाशी संबंधित स्थिती म्हणून. ज्याचं मूळ कामात आहे, त्याचा उपाय सगळा पेशंटच्या माथी मारू नये. ज्यांच्या हाताखाली माणसं काम करतात त्यांनी हे जरूर वाचावं.

मग हा रविवार नेमका कोणाचा?

आता थोडी टोचणारी गोष्ट. आपल्याकडे रविवार म्हणजे काय? सकाळी बाहेरून गरम कचोरी किंवा गिला वडा, दुपारी घरी रोडगे आणि वांग्याची भाजी, हिवाळ्यात शेतात हुरडा, पावसाळ्यात चिखलदऱ्याची चक्कर. छान आहे सगळं. पण रोडग्यांची कणीक कोण मळतं? आलेल्या पाहुण्यांचा चहा कितीदा आणि कोण ठेवतं? आठवड्याचे कपडे कोण धुतं?

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात हे आकड्यांत दिसलं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, तर असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे घरातल्या बाईची एक पाळी रोज घरातच होते. नोकरी करणारी असेल तर ही दुसरी पाळी. पुरुषाचा रविवार म्हणजे सुट्टी, तिचा रविवार म्हणजे जास्तीची ऑर्डर! ओपीडीत ताई येतात, पाठदुखी, ॲसिडिटी, चिडचिड, झोप नाही अशी यादी सांगतात आणि शेवटी म्हणतात, "टेन्शन तं काहीच नाही जी मले, घरीच राहतो." घरी राहणं म्हणजे आराम, हा गैरसमज तिच्याही मनात पक्का बसलेला असतो.

शेतकऱ्याचंही तसंच. केळीला पाणी द्यायला रविवार-सोमवार नसतो. पानपिंपरीची तोडणी आली की ती करावीच लागते. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की माणूस रात्री दोनला बांधावर असतो आणि सकाळी घरच्यांना तो दिवसा झोपलेला दिसतो. त्याला आळशी म्हणू नका. त्याची रात्र शेतात गेलेली असते.

म्हणून मी रविवारपेक्षा रोजच्या आरामावर भर देतो. रविवार सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. रोजची दहा-वीस मिनिटं मात्र घरच्यांनी ठरवलं तर प्रत्येकाला मिळू शकतात.

घरात मांजर असेल तर एवढं पाळा

- मांजर चावलं किंवा ओरखडलं तर जखम लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. रक्त आलं नसलं तरी त्वचेवर ओरखडा असेल तर रेबीजची लस लागते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही लागतं. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. "घरचंच मांजर आहे" म्हणून थांबू नका. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.
- मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम बारीक दिसते पण जंतू खोल जातात. हात सुजला, लाल झाला, ठणकू लागला तर त्याच दिवशी दाखवा.
- घरात कोणी गरोदर असेल तर मांजराला हाकलायची गरज नाही. टोक्सोप्लाझ्मा हा जंतू मांजराच्या विष्ठेतून येऊ शकतो, पण बाहेर पडल्यावर तो संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणून विष्ठा रोज आणि दुसऱ्या कोणीतरी साफ करावी. कच्चं मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांतूनही तो येतो, हेही लक्षात ठेवा.
- मांजर आल्यापासून दम, शिंका किंवा खाज वाढली असेल तर ॲलर्जी असू शकते. तपासून घ्या.
- मांजराला लसी द्या आणि नसबंदी करून घ्या.

या आठवड्यापासून काय करायचं?

रोज दहा मिनिटं मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून बसा. मांजर असेल तर मांजरासोबत, नसेल तर तुळशीजवळ, ओट्यावर, कुठेही. दुकानदारांनी दुपारी वीस मिनिटं गल्ला दुसऱ्याकडे द्यावा. रात्रीचं पाणी देऊन आलेल्या माणसाला दिवसा अंधाऱ्या खोलीत झोपू द्यावं, त्या वेळी त्याला कोणी उठवू नये.

रविवारी घरातल्या बाईचे दोन तास ठरवून मोकळे ठेवा. त्या वेळात ती काय करेल हे विचारू नका. झोपेल, मैत्रिणीकडे जाईल, नाहीतर नुसती बसून राहील. जेवण तिने आधी करून ठेवायचं नाही, ते त्या दिवशी दुसऱ्यांनी करायचं. साधी खिचडी झाली तरी चालेल.

आणि आरामाने भागत नाही असं वाटलं तर ओळखा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन उदास असेल, झोप उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तो आळस नाही आणि नखराही नाही. डॉक्टरांना भेटा. सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे फुकट बोलता येतं. छातीत दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळे पडणं यात मात्र क्षणही न दवडता दवाखाना गाठा.

तुमच्या घरात सगळ्यात कमी आराम कोणाला मिळतो? हे आज रात्री जेवताना एकमेकांना विचारा. उत्तर बहुतेक पोळ्या वाढायला उभंच असेल. त्यांना आधी बसवा, मग पुढचं बोला.

काळजी घ्या.