वजन कमी, मान तेवढाच

दोस्तांनो, या आठवड्यात रोह्याहून नववीतल्या एका मुलाचं पत्र आलंय. तो लिहितो, ‘पेणचा माझा मामेभाऊ कॉलेजात आहे, व्यायामशाळेत जातो. तो म्हणतो, आपण दोघं मिळून “डीटी” करू. हा व्यायाम एका शहीद सैनिकाच्या आठवणीत करतात, म्हणून वजन कमी करायचं नाही, केलं तर तो त्यांचा अपमान! मला तर निम्मं वजनही उचलवत नाही. मी काय करू?’

उत्तर देतो, पण आधी डीटी म्हणजे काय ते बघू. टिमोथी डेव्हिस हे अमेरिकेच्या हवाई दलातले सैनिक. २० फेब्रुवारी २००९ रोजी अफगाणिस्तानात त्यांची गाडी स्फोटात सापडली आणि त्यांना वीरमरण आलं. क्रॉसफिट या व्यायामपद्धतीत अशा सैनिकांच्या नावाने व्यायाम ठेवलेले आहेत. त्यातलाच एक डीटी!

यात बार जमिनीवरून उचलून ताठ उभं राहायचं, ते १२ वेळा. याला म्हणतात डेडलिफ्ट. मग मांडीपाशी धरलेला बार झटक्यात खांद्यावर घ्यायचा, ९ वेळा. हा क्लीन. मग गुडघ्यांचा जोर लावून खांद्यावरून डोक्यावर, ६ वेळा. हा जर्क. ही झाली एक फेरी. अशा ५ फेऱ्या, आणि त्याही घड्याळ लावून. पुरुषांसाठी वजन १५५ पौंड, म्हणजे सुमारे ७० किलो. आता करा गणित. एका फेरीत २७ वेळा, पाच फेऱ्यांत १३५ वेळा. १३५ गुणिले ७० म्हणजे ९४५० किलो! हे आकडे वर्षानुवर्षं सराव केलेल्या मोठ्या माणसांसाठी आहेत, नववीतल्या मुलासाठी नाहीत.

आता अपमानाचं बघू. दोस्ता, तुमच्या रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हा पोलीस मानवंदना देतात. पालखी गावभर फिरते आणि वाहणारे वाटेत खांदे बदलतात. खांदा बदलला म्हणून त्याची भक्ती कमी झाली, असं कुणी म्हणतं का? उलट खांदा न बदलता कुणी हट्टाने चालला आणि मध्येच कोलमडला, तर पालखीचं काय होईल? वजनाचंही तसंच आहे.

म्हणून पहिला नियम असा : ताज्या दमात एक अख्खी फेरी बार खाली न ठेवता, पाठ न वाकवता जमली पाहिजे. शेवटचे सहा जर्क अडखळले, तर वजन उतरवायचं. कॉलेजातल्या दादाला कदाचित ३० किंवा ४० किलो पुरेल. तुला? नुसता मोठा बारच २० किलोचा असतो! तू आधी काठी घेऊन तिन्ही प्रकार शीक. ते नीट जमले की शिकवणाऱ्यांना विचारून हलका बार घे आणि ६, ४, ३ अशा तीनच फेऱ्या कर. धाकट्यांनी काठीवरच थांबावं.

दुसरा नियम दमाचा. पहिली फेरी धावत सुटू नका. पहिल्या फेरीला जेवढा वेळ लागला, साधारण तेवढाच शेवटच्या फेरीला लागला, तर तुम्ही शहाणे! दादासाठी एक युक्ती सांगतो. अकरा डेडलिफ्ट झाल्या की बार ठेव आणि चार श्वास घे. बाराव्या वेळी उचललेला बार खाली न ठेवता तिथूनच क्लीन सुरू कर. क्लीनसाठी बार मांडीपर्यंत आणावा लागतोच, मग ती मेहनत दोनदा कशाला? तसंच आठ क्लीननंतर थांबायचं आणि नववा झाला की थेट जर्क. पाठीला बाक आला, चक्कर आली, की तिथेच थांबायचं. आपल्या कोकणात घामाच्या धारा लागतात, तेव्हा व्यायाम सकाळी लवकर करा आणि पाणी जवळ ठेवा.

आईबाबांनो, वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते हा समज खरा नाही. जाणकार माणूस समोर नसणं आणि चढाओढीने वजन वाढवणं, धोका त्यात आहे.

आणि आठवण काढायला अफगाणिस्तानपर्यंत कशाला जायचं? रोह्याहून रेल्वेने पुढे गेलात की माणगाव येतं. त्याच तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे सैनिक पडले. कुणी मेले, कुणी जखमी झाले. घाडगे एकटेच पुढे धावले आणि त्यांनी ती मशीनगन बंद पाडली. पण लपलेल्या शत्रूची गोळी त्यांना लागली. तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या गावात त्यांचं स्मारक उभं राहिलं. कसलं, माहीत आहे? सूर्यघड्याळाचं!

तर दोघा भावांनो, येत्या १० जुलैला अंगणात एकत्र या. दहाव्या तारखेचे १० जोर, सातव्या महिन्याचे ७ सूर्यनमस्कार आणि त्यांच्या वयाच्या २२ बैठका. एका दमात जमलं नाही तर थांबून, श्वास घेऊन करा. आधी मात्र त्यांची गोष्ट एकाने मोठ्याने सांगायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. त्या दिवशी हातातलं घड्याळ काढून ठेवा. सूर्यघड्याळ कुणालाच घाई करत नाही!

कसं झालं ते पत्राने कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात.