चिकूचं पार्सल

अहो, चिकू काय मयत आहे, की त्याला प्लॅस्टिकात गच्च गुंडाळावं? आमचं अच्छाड डहाणूपासून फार लांब नाही. ज्या डहाणू-घोलवड चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे हे हाल! झाडावरून उतरला तरी तो श्वास घेतो, स्वतःच्याच इथिलीन वायूनं पिकतो. कागदी पिशवीत वायू थोडा कोंडतो, वाफ निघून जाते. चिकू गोड होतो. बंद प्लॅस्टिकात त्याला घाम फुटतो, प्राणवायू संपतो, मग वर लिबलिबीत अन् आत आंबूस! आजी पेंढ्यात अढी घालायची ती काय हौस म्हणून? वर दुकानदार म्हणतो, ‘‘साहेब, पॅकिंगचे दहा वेगळे.’’ म्हणजे कुजवायची मजुरीही मीच द्यायची? निदान भोकं तरी पाडा हो पिशवीला!