खरं वजन सांगा!

बालमित्रांनो, हा लेख वाचता वाचता जरा पायाखाली बघा बरं. तुमच्या घरात गुळगुळीत, चकचकीत फरशी असेल, तर ती गुजरातमधल्या मोरबीहून आलेली असू शकते. माच्छू नदीकाठच्या या गावात आणि आसपास फरशीचे शेकडो कारखाने आहेत. तिथली फरशी ट्रकनं आपल्याकडे येते आणि कांडला, मुंद्रा या बंदरांतून जहाजानं आखाती देशांत, आफ्रिकेत, पार अमेरिकेतसुद्धा जाते.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? खोकी भरली, जहाजावर चढवली, निघालं जहाज! पण खेळणी नेणं वेगळं आणि फरशी, संगमरवर, लोखंडी सळया नेणं वेगळं. घर बांधायच्या सामानाची एक खोडच आहे. ते जागा थोडी घेतं, पण वजनाला भलतंच भारी!

चला, वही-पेन्सिल घ्या. असा माल कंटेनरमध्ये, म्हणजे लोखंडी पेटाऱ्यात भरून नेतात. २० फूट लांबीच्या कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. एक घनमीटर फरशीचं वजन धरा २.३ टन. कंटेनर गच्च भरला तर वजन किती? ३३ गुणिले २.३, म्हणजे जवळजवळ ७६ टन! पण असा कंटेनर मालासकट ३०.४८ टनांपेक्षा जड असून चालत नाही. त्यातले सव्वादोन टन तर रिकाम्या कंटेनरचेच. उरले साधारण २८ टन. आता २८ ला २.३ नं भागा. उत्तर येतं १२ घनमीटर. म्हणजे कंटेनर अर्ध्याहून जास्त मोकळा दिसत असला, तरी वजनाच्या हिशेबानं तो भरलेला असतो! ४० फुटी कंटेनर लांबीला दुप्पट, पण त्याची वजनाची मर्यादा काही दुप्पट नसते. म्हणून फरशीसाठी व्यापारी सहसा २० फुटीच कंटेनर घेतात.

बरं, एका कंटेनरमध्ये किती भरायचं ते कळलं. जहाजावर एकूण किती भरायचं, ते कसं ठरवणार? त्यासाठी जहाजाच्या अंगावरच एक खूण असते. एक वर्तुळ आणि त्याला मधोमध छेदणारी आडवी रेघ. बाजूला आणखी काही लहान रेघा असतात. उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी. हिवाळ्यात काही समुद्र जास्त खवळतात, म्हणून ती रेघ खाली. माल भरता भरता पाणी त्या-त्या रेघेला टेकलं, की बस! लाकूड नेणाऱ्या जहाजांना तर रेघांचा आणखी एक संच मिळतो. डेकवर नीट बांधलेलं लाकूड स्वतःच तरंगतं, त्यामुळे अशा जहाजाला थोडं जास्त बुडायची परवानगी असते.

ही रेघ सहजासहजी आलेली नाही हं. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये काही जहाजमालक मोडकळीला आलेल्या जहाजांत वाट्टेल तेवढा माल कोंबायचे. जहाज बुडालं तर मालकाला विम्याचे पैसे मिळत. खलाशी मात्र जिवानिशी जात. लोक अशा जहाजांना ‘शवपेट्या’ म्हणायचे. सॅम्युअल प्लिमसॉल नावाचा एक खासदार यावर पेटून उठला. १८७३ साली त्यानं पुस्तक लिहिलं, संसदेत भांडला. अखेर १८७६ साली कायदा झाला, की प्रत्येक जहाजावर रेघ पाहिजे. पण गंमत बघा! रेघ कुठे मारायची, हे ठरवणार कोण? तर जहाजमालकच! रेघेची जागासुद्धा कायद्यानं पक्की व्हायला १८९० साल उजाडलं. त्या रेघेला आजही ‘प्लिमसॉल रेघ’ म्हणतात.

पण ही रेघ फक्त एकूण वजन सांगते. कुठला कंटेनर जड आणि कुठला हलका, हे तिला काय ठाऊक? आणि ते कळणं तर फार गरजेचं. जड कंटेनर खाली, हलके वर, असं रचलं तर जहाज स्थिर राहतं. उलटं झालं तर जहाज लाटांवर जास्त डोलतं. खालचे कंटेनर चेपतात, वरचे समुद्रात पडतात. आता पंचाईत अशी, की कंटेनर बंद करून त्याला सील ठोकलेलं असतं. बाहेरून सगळे सारखेच. त्यामुळे माल पाठवणाऱ्यानं कागदावर जे वजन लिहिलं, त्यावरच वर्षानुवर्षं विश्वास ठेवला जायचा. कुणी अंदाजानं लिहायचं, कुणी मुद्दाम कमी लिहायचं.

जानेवारी २००७ मध्ये ‘एमएससी नापोली’ नावाचं मोठं मालवाहू जहाज इंग्लिश खाडीत वादळात सापडलं आणि त्याच्या बाजूला तडे गेले. सगळे २६ खलाशी बचाव-होडीत उतरले. हेलिकॉप्टरनं त्यांना उचललं, म्हणून वाचले. मग ते जहाज मुद्दाम किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात नेऊन टेकवलं. डेकवरचे कोरडे राहिलेले ६६० कंटेनर वजनकाट्यावर चढवले, तेव्हा १३७ कंटेनरचं वजन कागदावरच्या वजनापेक्षा ३ टनांहून जास्त फरकाचं निघालं! तडे जायला जहाजाच्या बांधणीतली उणीव हे मोठं कारण होतं. पण चुकीच्या वजनांनीही जहाजावरचा ताण वाढवला, असं चौकशीत दिसलं.

शेवटी १ जुलै २०१६ पासून जगभर नियम लागू झाला. खरं वजन नोंदवल्याशिवाय भरलेला कंटेनर जहाजावर चढवायचाच नाही. वजन काढायच्या रीती दोन. एक, भरलेला कंटेनर सरळ काट्यावर चढवा. दोन, आतल्या प्रत्येक वस्तूचं वजन करा, त्यात बांधाबांधीच्या सामानाचं मिळवा आणि कंटेनरच्या दारावर रंगवलेलं रिकाम्या कंटेनरचं वजनही मिळवा. आहे की नाही तुमच्याच वहीतली बेरीज? पण ती चुकली, तर नुसता लाल फुलीवर निभाव लागत नाही. आपल्या कोकणातली कितीतरी माणसं जहाजावर नोकरी करतात. तुमच्यापैकी कुणाचा काका किंवा मामाही असेल. डोक्यावर सात-आठ मजले कंटेनर रचलेल्या त्या जहाजावर ते रात्री झोपतात, ते कुणीतरी कागदावर लिहिलेल्या आकड्याच्या भरवशावर.

गेटवे ऑफ इंडियाहून लाँचनं घारापुरीला गेलात, तर वाटेत उभ्या असलेल्या जहाजांकडे नीट बघा. रिकाम्या जहाजाचा खालचा, बहुधा लाल रंगाचा भाग बराच वर आलेला दिसेल. भरलेल्या जहाजाचा जवळजवळ दिसणारच नाही.

तोवर घरी हे करा. बादलीत पाणी घेऊन स्टीलची वाटी तरंगत ठेवा. एकेक गोटी टाका आणि पाणी बाहेरून कुठवर चढतं, तिथे पेननं खूण करा. मग सगळ्या गोट्या एका बाजूला सारा. वाटी कशी कलते, बघा! शेवटी गोट्या तेवढ्याच ठेवून बादलीत चार-पाच मुठी मीठ विरघळवा आणि खूण पुन्हा तपासा. आईला आधी विचारा हं, नाहीतर मिठाचा डबा रिकामा झाल्यावर बोलणी मला बसायची!

आता या वेळचा प्रश्न : न्हावा-शेवाहून समुद्रमार्गे निघालेलं जहाज कोलकात्याला जाताना हुगळी नदीत शिरलं, की आणखी एकही खोकं न चढवता थोडं जास्त बुडतं. का बरं? मिठाचा प्रयोग करणाऱ्यांना उत्तर लगेच सापडेल. बाकीच्यांनी पुढच्या अंकाची वाट बघा!